घरात खोल्या किती

“घरात खोल्या किती?” डॉक्टर आकांक्षांनी फॉर्मवरून नजर न उचलता विचारलं.

“तीन,” सुभद्राबाई म्हणाल्या.

तसं पाहिलं तर ते खोटं नव्हतं. लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली ही एक. तिच्यातच गुडघाभर कठड्याची मोरी, ती दुसरी. आणि वर पोटमाळा, जिथे ताठ बसलं की डोकं आपटतं, तो तिसरा. चौतीस वर्षांच्या संसारात पाहुण्यांना, सोयरिकीवाल्यांना, शिरगणतीवाल्यालासुद्धा त्यांनी हेच सांगितलं होतं. शिरगणतीवाल्याने मान डोलावून ‘एक’ लिहिलं होतं. डॉक्टरांनी मात्र तीन लिहिल्या.

काचेपलीकडे मशीनच्या पोटात गणपतराव निजले होते. अठ्ठावीस वर्षं फोर्टातल्या एका इमारतीत लिफ्टमन. सगळं आयुष्य प्रवासात गेलं आणि पाऊल एक पुढे पडलं नाही. “मी चढलेले मजले एकावर एक ठेवले, तर चांदोबाला माझ्याकडे ग्राउंड फ्लोअर मागावा लागेल,” असं चाळीत सांगायचे, आणि ऐकणारे मान डोलवायचे. सात महिन्यांपूर्वी जिन्यावर पाय घसरला, डोकं आपटलं. तेव्हापासून डोळे उघडे, पण नजर कुणावर ठरत नाही. हाक मारा, चिमटा काढा, काही नाही.

“सुभद्रे, आत कोण नाय आता,” थोरले दीर तात्या परवाच म्हणाले होते. “नळीतसून पेज कोणाक भरवतंस? गावाक नेवया. नळी काडून सुटांदे बिचारो.”

“मशीन काय सांगता ता बघूया,” एवढंच त्या बोलल्या होत्या. आज काही दिसलं नाही, तर सोमवारी गाडी ठरली होती.

“मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे रक्त धावतं,” डॉक्टर समजावत होत्या. “हे मशीन ते रक्त बघतं. आपण त्यांना मनातल्या मनात घरात फिरायला सांगायचं. त्यांना कळलं, तर इथे ठिपका पेटेल.” पडद्यावर सोललेल्या अक्रोडासारखा करडा मेंदू होता.

मशीन धडधडू लागलं. डॉक्टर माईकजवळ वाकल्या. “गणपतराव, हॉलमधून बेडरूममध्ये जा. तिथून किचनमध्ये. काय काय दिसतंय, बघा.” अर्ध्या मिनिटाने, “आता थांबा. आराम करा.” असं पाच वेळा झालं. पडदा करडाच राहिला.

डॉक्टरांनी चष्मा काढला. “मावशी...”

त्या ‘मावशी’च्या पुढचं वाक्य सुभद्राबाईंना ऐकायचं नव्हतं. सगळी अब्रू गोळा होऊन घशाशी आली. त्यांनी ती गिळली.

“डॉक्टर, ते जाणार तरी कुठे? बेडरूम नाय आमच्याकडे.”

“म्हणजे?”

“खोली एकच आहे. मी मोरी धरली होती.” मग अगदी हळू, “पोटमाळा पण.”

मशीन चालवणारे उन्मेष परळच्या चाळीत वाढून आता पन्नाशीला आले होते. ते खाकरले. “मॅडम, एका खोलीत माणूस चालत नाय. कूस बदलतो.”

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. “मग ते चालतात कुठे?”

“गॅलरीत. सकाळी बादली घेऊन टोकापर्यंत, संडासला. बावीस दारं. जायला दोन मिनिटं, यायला पाऊण तास. प्रत्येक दारात थापा मारायला थांबतात ना.”

डॉक्टरांनी माईक त्यांच्यापुढे सरकवला. “तुम्हीच पाठवा त्यांना.”

सुभद्राबाईंनी पदर सावरला. नवऱ्याचं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं, ते मशीनसाठीही घेतलं नाही.

“अवो, आयकलात? रांग कमी आसा. बादली घेवा नि जावा. अंबिकेच्या दारात गुंतान रवा नको.”

पडदा करडा. एक, दोन, तीन...

“रक्त पोचायला पाच-सहा सेकंद लागतात,” डॉक्टर कुजबुजल्या.

“त्यांना पण लागतात. आधी चपला शोधतात.”

आणि राखेतला निखारा फुंकावा तसा करड्यात एक नारिंगी ठिपका उमटला.

“गेले!” उन्मेष ओरडले आणि त्यांनी जीभ चावली. “म्हणजे... निघाले.”

डॉक्टर उभ्याच राहिल्या. अर्ध्या मिनिटाने त्यांनी माईक घेतला. “आता थांबा, गणपतराव. आराम करा.”

ठिपका तसाच. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. “विझायला हवा होता. सांगितल्यावर पेटला आणि सांगितल्यावर विझला, तरच म्हणता येईल की ते ऐकतायत. नुसता पेटला, तर तो योगायोगही असेल.”

“बादली घेऊन अर्ध्या वाटेत कसे थांबतील?” सुभद्राबाई म्हणाल्या. “घरी बोलवायला लागतं.”

“मग बोलवा.”

त्यांनी माईकच्या बटणावर अंगठा ठेवला. दाबला मात्र नाही. सात महिन्यांनी माणूस घराबाहेर पडला होता. आता अंबिकेचं दार आलं असेल. तिथे नको म्हटलं म्हणून नक्की थांबले असतील. मग रामदासचं. तिथे चांदोबाचा मजला सांगून झाला असेल.

“मावशी, बोलवा ना.”

“फिरू दे थोडं.”

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. मशीन धडधडत राहिलं. सुभद्राबाई ओठांतल्या ओठांत दारं मोजत होत्या. बाविसावं आलं, पुन्हा उलटी मोजत आपल्या दारापाशी आल्या, आणि मग उंबऱ्यातून मारायच्या त्याच आवाजात त्यांनी हाक मारली.

“अवो, चाय झाली. येवा भुतूर.”

एक. दोन. तीन. चार. पाच.

ठिपका मंद होत होत विझला.

सुभद्राबाईंनी नकळत पाय खुर्चीखाली ओढून घेतले. एका खोलीत, बादली घेऊन दारातून येणाऱ्याला तेवढी वाट द्यावीच लागते.