मालकाच्या ताटावरचं झाकण

कायानोया ह्या दरीकाठच्या सराईत संध्याकाळचं जेवण सहाला, आणि मी त्याच्या आधीच मांडी ठोकून बसलेला असतो. नागोयात जन्मभर लोकांचे कोट शिवले. आता दर शरदात आठवडाभर इथे यावं आणि कोणीतरी आयतं ताट पुढे ठेवावं, एवढीच माझी चैन. दरीतली लाल झालेली झाडं, झुलता पूल आणि धबधबा बघायला लोक लांबून येतात. मी येतो तो अळंबीच्या भातासाठी आणि निखाऱ्यांभोवती काडीला टोचून भाजलेल्या नदीतल्या माशासाठी. धबधबा मी एकदा पाहिलाय, अजून तिथेच असणार.

जेवणघराच्या कोपऱ्यात रोज एक ताट मांडलेलं असतं. भात, मासा, लोणचं आणि काळ्या लाखेच्या वाडग्यात झाकून ठेवलेलं सूप. ते मालकाचं. मालक म्हणजे मालकीणबाई मिसाओंचा नवरा, योशिताका. अळंबी आणायला दरीत उतरला त्याला बारा वर्षं झाली. परत आला नाही, सापडलाही नाही. आमच्याकडे दूर गेलेल्या माणसाच्या नावाने असं ताट वाढतात. बाकीच्यांची जेवणं झाली की सुपाचं झाकण उचलायचं. आतून पाण्याचे थेंब धरले असतील तर माणूस जिथे असेल तिथे सुखरूप. कोरडं असेल तर काय, ते कोणी बोलत नाही.

मिसाओबाई रोज उचलतात आणि रोज थेंब असतात. असणारच. सूप चुलीवरून उकळतं आणतात आणि झाकण घट्ट बसवतात. आम्हा नेहमीच्या गिऱ्हाइकांना हे कळतं, आणि आम्ही गुमान आपला मासा खातो.

यंदा शेजारच्या खोलीत सेगावा नावाचं जोडपं होतं. नवरा कुठल्याशा शाळेचा मुख्याध्यापक. हे कळायला वेळ लागला नाही, कारण पहिल्याच दिवशी सामायिक स्नानगृहात त्यांनी मला टॉवेल कसा पिळावा ते शिकवलं. बायको ओरिए मऊ स्वभावाची, सगळ्यांची आधीच माफी मागून ठेवणारी. एका दुपारी मुख्याध्यापक गळ्यात कॅमेरा अडकवून धबधब्याकडे निघाले. जेवणाआधी अंघोळ करणार होते, म्हणून कपडे काढून ठेवायला बायकोला बजावून गेले.

जेवणाची वेळ झाली तरी त्यांची जागा रिकामीच. बाहेर काळोख दाटला होता आणि दाराच्या फटीतून बर्फाच्या वासाची हवा येत होती. ओरिएबाईंच्या पुढ्यातला मासा निवून आक्रसला, तरी त्यांनी जेवणाच्या काड्या उचलल्या नव्हत्या. कोणी काही बोललं नाही की धबधब्याचा आवाज ऐकू यायचा, म्हणून सगळेच काहीबाही बोलत होते.

मी सांगितलं, गावच्या अग्निशमन पथकाला फोन करा. पथक म्हणजे गावातलेच शेतकरी, हाकेसरशी धावून येणारे. पण ओरिएबाई कळवळून नको म्हणाल्या. भातकापणीने दमलेली माणसं ती, त्यांना काळोखात कशाला बाहेर काढायचं.

"ह्यांनी आयुष्यात कोणाला त्रास दिला नाही हो," त्या म्हणाल्या. "दिवे घेऊन वरात निघालेली दिसली, तर शरमेने मरून जातील."

मिसाओबाई आत गेल्या आणि दुसरं ताट घेऊन आल्या. मालकाच्या ताटाला लागून ते मांडलं. थोडा वेळ तिथेच बसून राहिल्या आणि मग नव्या वाडग्याचं झाकण उचलून ओरिएबाईंसमोर धरलं.

"बघा, थेंब धरलेत. सुखरूप आहेत ते. आमचे हे गेले त्या रात्री सासूबाईंनी मला असंच दाखवलं होतं, म्हणून मला झोप तरी लागली. माणसं आम्ही सकाळी बोलावली. आताही तसंच करू, उजेडात शोधायला बरं पडतं."

हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. ओरिएबाईंचा चेहरा सैल झाला. त्यांनी डोळे पुसले आणि काड्या उचलल्या. मला खरी भीती वाटली ती तेव्हा.

माझी जीभ तिखट आहे, बायकोने हयातभर ऐकवलं. पण ह्या बाईवर ती चालवायची माझी इच्छा नव्हती. दर वर्षी माशाचा सगळ्यात मोठा नग ती माझ्या ताटात वाढते. बारा वर्षं ती त्या झाकणावर जगत होती. आणि खाली दरीत एक आगाऊ माणूस गारठत होता.

"मिसाओ-सान," मी म्हणालो, "मालकांच्या वाडग्यावरचं झाकण उचला."

"त्यांचं नंतर. जेवणं व्हायचीत अजून."

"आत्ता उचला."

त्यांनी उचललं.

"इथेही थेंब आहेत," मी म्हणालो. "बारा वर्षं आहेत. सूप गरम असतं म्हणून आहेत."

ओरिएबाईंच्या हातातल्या काड्या खाली आल्या. मिसाओबाई झाकण धरून तशाच बसल्या होत्या. झाकणावरचं पाणी ओघळून त्यांच्या मनगटावर उतरलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. झाकण उलटं ठेवलं, उठल्या, गल्ल्याजवळच्या फोनपाशी गेल्या. वाट कुठली, माणूस केवढा, अंगात काय, सगळं नीट सांगितलं. आवाज जराही हलला नाही.

पथक आलं. दिवे झुलत्या पुलावरून ओळीने गेले आणि वळणाआड दिसेनासे झाले. आम्ही बसून राहिलो. त्या दोन ताटांकडे कोणी बघत नव्हतं.

स्नानगृह बंद व्हायच्या आत त्यांनी मुख्याध्यापकांना स्ट्रेचरवर घालून आणलं. धबधब्याखालच्या पायऱ्यांवरून घसरले होते. मांडीचं हाड मोडलेलं, कमरेपर्यंत भिजलेले, ओठ निळे; पण जिवंत. त्रास दिला, माफ करा, एवढंच पुटपुटत होते. ओरिएबाई प्रत्येक माणसापुढे जमिनीला कपाळ टेकत होत्या.

मिसाओबाई पथकाला गरम सूप वाढत होत्या. पथकाचा म्होरक्या गेन्साकु वाडगा घेत म्हणाला, "बरं केलंत बाई, संध्याकाळीच फोन केलात."

"सकाळपर्यंत थांबलो असतो तर?"

"मग काय, मढंच उचललं असतं," गेन्साकु खुशीत म्हणाला. आणि आपण कोणाशी बोलतोय ते त्याच्या ध्यानात आलं. वाडगा तोंडापाशी तसाच राहिला.

मिसाओबाईंनी पुढचा वाडगा भरला.

दुसऱ्या संध्याकाळी सहाला मी माझ्या जागेवर होतो. पथकाने आपलं काम केलं होतं, मीही माझं केलं होतं, तरी आज मासा मी तसाच ठेवला होता. कोपऱ्यात मालकाचं ताट होतं. त्यातल्या सुपाला आज वाफ नव्हती. सकाळीच काढून गार होऊ दिलं होतं. जेवणं झाल्यावर मिसाओबाई त्याच्यापुढे बसल्या, झाकण उचललं आणि माझ्यासमोर आणून धरलं. कोरडं होतं.

"हे गेले त्या रात्री मला झोप लागली होती, कुवाबारा-सान," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, आणखी भात वाढू का.