कुशाबाईंचा अंगठा

कुशाबाईंनी अंगठा आधी पदराला पुसला, मग त्यावर फुंकर मारली आणि पाहुण्यापुढं पाट ठेवावा तसा बेतानं काउंटरवरच्या काचेवर ठेवला. मशीनमधला लाल दिवा दोनदा मिचमिचला आणि विझला.

"पुन्हा ठेवा," बँकेतले रामनाथ साहेब म्हणाले.

"कितींदा ठिवू? सांगते ना, त्यो उठत न्हाई."

"तेच तर तुमच्या अर्जात लिहिलंय." साहेबांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं, "'माझा अंगठा कुठल्याही मशीनवर उठत नाही. तरीही माझ्या खात्यातून अंगठ्यावर पैसे काढले गेले.' बरोबर?"

"अगदी बराबर."

"मग ही तक्रार नोंदवायला तुमचा अंगठा लागेल."

सोबत आलेल्या सुनेनं, वृषालीनं, साहेबांच्या चेहऱ्याकडं निरखून पाहिलं. चेष्टेचं काही चिन्ह दिसलं नाही. नारायणगावच्या त्या शाखेत चेष्टेला वेगळी खिडकी असावी आणि ती आज बंद असावी.

"साहेब, अंगठा उठत नाही हीच तक्रार आहे," ती म्हणाली.

"हो, पण ती कोणाची तक्रार आहे हे सिस्टीमला कळायला नको का?"

वृषालीला कुठल्याही गोष्टीचं झाकण उघडून आत बघायची सवय होती. हप्त्यानं घेतलेलं शिलाई मशीन घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं ते पूर्ण सुटं करून पुन्हा जोडलं होतं, आणि एक स्क्रू उरला तरी मशीन चालत होतं. आषाढात ती चार दिवस माहेरी जाऊन आली तेव्हा गोठ्यात फुकटचा बल्ब लागलेला होता. 'फुकट म्हणजे का?' हे ती दोन दिवस विचारत राहिली होती. कुणी उत्तर दिलं नाही. गाय तर अजिबात नाही.

बँकेच्या या भानगडीचं झाकण मात्र उघडत नव्हतं. आषाढातल्या एका मंगळवारी अकरा बेचाळीसला कुशाबाईंच्या खात्यातून साडेनऊ हजार रुपये निघाले होते, आधार आणि अंगठा वापरून. मागे उरले आठशे चाळीस. त्याच खात्यातून शिलाई मशीनचा हप्ता जायचा. तो पुरेशा पैशांअभावी परत गेला, म्हणून बँकेनं पाचशे नव्वद कापले. कापल्यामुळं पैसे आणखी कमी झाले, म्हणून पैसे कमी असल्याचे दोनशे पंच्याण्णव कापले. हे सगळं कळवणाऱ्या मेसेजचे सतरा रुपये सत्तर पैसे. पुढच्या महिन्यात हप्ता पुन्हा परत, पुन्हा पाचशे नव्वद. आता खातं सहाशे बावन्न रुपये सत्तर पैसे उणे होतं. ज्या खात्यात काहीच नव्हतं, त्यातून बँक महिनाभर काढत राहिली होती, आणि वृषालीला रागाबरोबर त्या कसबाचं थोडं कौतुकही वाटत होतं.

"तीन दिवसांत कळवायला हवं होतं," साहेब म्हणाले.

"तीन दिवस तर मेसेज यायलाच लागले. आमच्या खोडदला रेंज नसती. पोराचा मोबाईल शुक्रवारी टोमॅटो मार्केटात वाजला, एकदम बारा मेसेज," कुशाबाई म्हणाल्या.

"आमच्याकडून तर मंगळवारीच गेलेला दिसतोय."

"गेला असंल. पोचला न्हाई."

साहेबांनी स्क्रीनकडं पाहिलं. "आणि पैसे काढले ते मशीन शिनोलीच्या पत्त्यावर नोंदलेलं आहे."

हीच ती जागा होती जिथं वृषाली अडकायची. शिनोली तिचं माहेर. त्या मंगळवारी ती शिनोलीलाच होती. घरात तिला कुणी काही बोललं नव्हतं. नवऱ्यानं, गोरखनं, एकदाच जेवता जेवता विचारलं होतं, "तू शिनोलीला कुठल्या वारी गेल्तीस गं?" आणि उत्तर ऐकून आमटी मागून घेतली होती. तेव्हापासून त्यानं कपाटाची किल्ली खुंटीवर टांगायचं सोडून खिशात ठेवायला सुरुवात केली होती. बोलला असता तर वृषाली भांडली असती. किल्लीशी कसं भांडायचं?

म्हणून अर्जातलं ते एक वाक्य तिचा सगळा आधार होता. आत्यांचा अंगठा उठतच नाही. सासूला ती आत्या म्हणायची. चाळीस वर्षं टोमॅटोची तोडणी, राखेनं भांडी, खुरपणी यात त्यावरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. रेशनच्या दुकानातही तीन वर्षं वृषालीच अंगठा द्यायची. जो अंगठा उठत नाही तो शिनोलीला नेऊन तरी काय उपयोग? हे एकदा बँकेच्या शिक्क्यानिशी कागदावर आलं की किल्ली खुंटीवर परत यावी, एवढा तिचा हिशोब होता.

"आता शेवटचं," साहेब म्हणाले. "नाही झालं तर पुण्याला जाऊन आधार नवीन करून आणा."

रांगेत मागं उभे असलेले दस्तगीरभाई इतका वेळ पासबुकानं वारा घेत होते. जुन्नरला त्यांचं गाद्या भरायचं दुकान होतं. त्यांना राहवलं नाही.

"कपाळाला घासा बाई, कपाळाला. त्याल सुटतं. मग धरतंय ते."

"कपाळाला?"

"केसातनं फिरवलं तरी चालतंय. माझा तर दाढीला घासल्याबिगर कधी उठलाच न्हाई."

कुशाबाईंनी अंगठा कपाळाला घासला, कुंकू वाचवून. मग केसातून फिरवला आणि डोळे मिटून काचेवर दाबला.

दिवा हिरवा झाला. मशीनमधली बाई म्हणाली, "धन्यवाद."

"उठला!" दस्तगीरभाई ओरडले. रांगेतले तिघं-चौघं टाळ्या वाजवायला लागले. शिपाई आतून बघायला आला. कुशाबाई नातू दहावी पास झाल्यासारख्या सगळ्यांकडं बघून हसल्या, आणि वृषालीकडं नजर जाताच त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं.

प्रिंटरनं कागद बाहेर टाकला. वर लिहिलं होतं, 'तक्रारदाराचा अंगठा कुठल्याही मशीनवर उठत नाही.' खाली लिहिलं होतं, 'तक्रारदाराची ओळख अंगठ्याद्वारे पटली.' इतक्या थोड्या जागेत स्वतःलाच खोटं पाडणारा कागद वृषालीनं पाहिला नव्हता.

"साहेब, आता याचा अर्थ काय?"

"अर्थ मी लावत नाही. मी नोंदवतो." साहेबांनी शिक्का मारला. "दहा दिवसांत तपासणीला माणूस येईल तुमच्या घरी. मशीन घेऊन. पुन्हा अंगठा घेतील. नाही उठला तर तुमचं म्हणणं खरं."

"आणि उठला तर?"

साहेबांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

बाहेर पायरीवर दस्तगीरभाईंनी दोघींना गाठलं. टाळ्यांची सुरुवात आपणच केली याची त्यांना थोडी लाज वाटत होती.

"बाई, सध्या काम काय करता?"

"काय न्हाई. बसून असते," कुशाबाई म्हणाल्या. एखादा रोग सांगावा तसं हळू. "मागल्या साली पाय मोडला. तवाधरनं ही दोघं कशाला हात लावू देत न्हाईत."

"मग बराबर हाय. काम सुटलं की रेषा परत येत्यात. लॉकडाऊनमधी दुकान बंद व्हतं ना, माझ्या बी आल्या व्हत्या. चार महिन्यात नव्या नवरदेवासारखा अंगठा! दुकान उघडलं, पुन्हा गेल्या."

खोडदच्या वडापच्या जीपमध्ये दोघी मागच्या बाकावर बसल्या. कुशाबाई उजेडात धरून अंगठा बघत होत्या. शिवाराच्या मधोमध रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून उभ्या होत्या. वृषालीच्या मते जगातली ही एकच जागा असावी जिथं ताऱ्यांचं ऐकू येतं आणि बँकेचं येत नाही.

"पोरी," कुशाबाई म्हणाल्या, "त्यो बलबवाला कंच्या वारी आल्ता गं?"

"मला काय माहीत आत्या? मी नव्हते तेव्हा."

"तू नव्हतीस." कुशाबाईंनी ते दोनदा मनाशी म्हटलं. "फाट्यावरच्या देवळापाशी बसला व्हता. आधार दावा, अंगठा द्या, बलब घ्या, सरकारी योजना. बाकीच्या बाया भ्याल्या. म्हनल्या, काय भानगड असंल तर? मी म्हनलं, माझं काय जातंय, माझा तर मेलेलाच हाय. दाब बाबा किती दाबायचा त्यो. तीनदा दाबला त्यानं. लई गोड बोलत व्हता."

वृषाली एकदम वळली. "मशीन कसलं होतं? बारकं? काळं?"

"ह्या बँकेतल्यावानीच."

"म्हणजे मशीनचा पत्ता शिनोलीचा. आणि माणूस ते पिशवीत घालून इकडं..." वृषालीच्या डोळ्यांपुढं झाकण अलगद उघडलं. आतली सगळी चाकं दिसत होती आणि एकही स्क्रू उरत नव्हता. क्षणभर तिला इतकं बरं वाटलं की साडेनऊ हजार गेले आहेत हेच ती विसरली.

कुशाबाईंनी अंगठा मुठीत मिटून घेतला.

घरी गोरख पिकअपमधून रिकामी क्रेट उतरवत होता.

"काय म्हनले बँकवाले?"

वृषालीनं तोंड उघडलं, पण कुशाबाई आधी बोलल्या.

"पैसं मीच काढलं."

गोरखच्या हातातलं क्रेट हातातच राहिलं. "आं?"

"मला बलब पायजे व्हता." त्यांनी गोठ्याकडं हात केला. "त्यो बग. साडेनऊ हजाराचा. दिवसा बी लावून ठिवत जा आता."

मग त्यांनी सगळं सांगितलं. गोरखनं बल्बकडं पाहिलं, मग ओझरतं वृषालीकडं, मग हातातलं क्रेट एका थप्पीवर टेकवून पुन्हा उचललं आणि दुसऱ्या थप्पीवर ठेवलं.

"मी कुठं काय म्हनलं व्हतं," तो म्हणाला.

"न्हाई म्हनलास. म्हनून तर सांगती."

त्यानं खिशात हात घातला आणि तो तसाच बराच वेळ आत राहिला. थोड्या वेळानं वृषाली चहा ठेवायला आत गेली तेव्हा किल्ली खुंटीवर होती, अजून हलत होती.

बाहेर कुशाबाईंचा आवाज चढला होता.

"दहा दिसात माणूस येनार. तवर ह्यो अंगठा उठाया नगं. कळलं का? उद्यापासनं टोमॅटो निवडाया मी बसनार. भांडी बी माझी. राखेनं. ती हिरवी घासणी न्हाई चालायची."

"आई, अगं पाय..."

"पायाचा ठसा घेत्यात का?"

खरं तर डॉक्टरांनी चैत्रातच सांगितलं होतं की आता सगळं करायला हरकत नाही. पण घरातल्यांनी त्यातला 'आता' तेवढा ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच कुशाबाई उपड्या क्रेटवर बसल्या. पिकला, कच्चा, फुटका, असे टोमॅटो त्यांच्या हातून तीन दिशांना जायला लागले. दुपारी मोरीवर कढयांचा आवाज सुरू झाला, आणि अंगठा घासायचा म्हणून त्यांनी शेजारणीचंही पातेलं मागून आणलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी गोरखला, तोडणी आदल्या दिवशी का केली नाही, म्हणून झापलं. पाचव्या दिवशी व्यापाऱ्याशी भावावरून भांडल्या. रोज संध्याकाळी त्या वृषालीपुढं हात धरायच्या.

"बग गं, गेल्या का?"

"थोड्या गेल्यात."

आठव्या दिवशी वृषाली शिवलेला ब्लाऊज द्यायला फाट्यावर गेली तेव्हा मोबाईलला रेंज आली आणि लगेच फोन वाजला. रामनाथ साहेब होते.

"त्याच मशीनवरून सव्वीस तक्रारी आल्यात," ते म्हणाले. "सव्वीस बल्ब. तुमची रक्कम जमा होईल. दंड सगळे माफ. फक्त मेसेजचे सतरा सत्तर परत मिळणार नाहीत."

"का?"

"मेसेज आला होता ना तुम्हाला."

"आला होता," वृषालीनं कबूल केलं. "आणि तो तपासणीचा माणूस?"

"आता कशाला येतोय तो? गरज नाही. अंगठा बिंगठा काही नको आता. सांगा तुमच्या सासूबाईंना, आराम करा म्हणावं."

वृषालीनं बरं म्हटलं. परतताना ती नेहमीपेक्षा हळू चालली.

दिवस मावळायला आला होता. कुशाबाई गोठ्यात गायीसमोर कडबा टाकून, हात झटकत उभ्या होत्या. वर बल्ब लागलेला होता. त्यांनी सवयीनं अंगठा पुढं केला.

"बग गं, गेल्या का?"

वृषालीनं तो हात बल्बखाली धरला. बोटं टोमॅटोच्या झाडानं काळी-हिरवी पडली होती, भेगांमध्ये राख होती. अंगठा नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झाला होता. कडेला एक रेघ होती, तीही असून नसल्यासारखी. वृषालीनं तो उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उजेडाजवळ नेला.

"दिसत्यात अजून, आत्या," ती म्हणाली.

"व्हय?" कुशाबाईंनी झटकन हात काढून घेतला आणि पदर खोचला. "मग उद्यापासनं पिठाची परात बी माझ्याकडं ठिव."