वरची दोन सप्तकं

एक सँडल दारात, दुसरी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर.

पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात. अगदी वरच्या टोकाच्या तारा बोटाएवढ्याच लांब.

पर्समध्ये पत्र्याची छोटी डबी. उघडी. रिकामी.

कपडे धुण्याचं मशीन काम संपलं की पाच वेळा टीं टीं करतं. त्या घरात ते एकाच माणसाला ऐकू येतं.

चकाकीची पूड उशीवर, भुवईवर आणि, कशी कोण जाणे, साखरेच्या डब्यात.

"काय लावू?" वडिलांनी विचारलं.

सकाळचे नऊ वाजले होते. ती सोफ्यावर आडवी पडली होती, चौतीस वर्षांची बाई, कालच्याच कपड्यांत. तिची शाळेपासूनची मैत्रीण चिमणी (उंची सहा फूट) हिच्या हातात काल घटस्फोटाचा कागद पडला होता. त्या आनंदात सगळ्यांनी रात्र डोक्यावर घेतली. नाचायला जागा मिळाली ती नेमकी स्पीकरच्या पुढ्यात. पहाटे घरी आली तेव्हा कानात शिट्टी वाजत होती. झोपून उठली तरी वाजतच होती.

वडिलांना वाटलं, पोरीला चढलीय.

"काहीतरी शांत लावतो," ते म्हणाले. चष्मा कपाळावर सरकवून ते रेकॉर्डच्या कपाटापुढे मांडी घालून बसले. "अशा सकाळी चुकीचं लावलं ना, तर अख्खा दिवस वाया जातो."

दिवस वाया जाऊन चालणार नव्हतं. दुपारी दोनला सभागृहाचा पियानो सुरात लावायचा होता आणि संध्याकाळी त्यावर कार्यक्रम होता. बापलेक दोघंही पियानो लावायचं काम करायचे. म्हणजे लोकांना वाटायचं, बाप लावतो आणि लेक हत्यारांची पिशवी धरते. खरी गोष्ट अशी होती की वडिलांच्या कानांतून वरचे सूर सहा वर्षांपूर्वीच निघून गेले होते. ते खालचं आणि मधलं लावायचे. मग कंबर सरळ करत म्हणायचे, "जरा चहा घेऊन येतो." त्या वीस मिनिटांत ती वरची दोन सप्तकं लावून मोकळी व्हायची. हे दोघांनी कधी बसून ठरवलं नव्हतं. त्यावर कधी बोलणंही झालं नव्हतं. चहा तेवढा व्हायचा.

आज वरची दोन सप्तकं दोघांपैकी कोणाकडेच नव्हती. आणि हे दोघांपैकी एकालाच माहीत होतं.

लावलं: बासरी. चाललं: एक मिनिट.

बासरी उशीखालून आल्यासारखी आली. फुंकरेची धार नाही, नुसता पोकळ आवाज.

"बंद करा, बाबा."

"का? छान आहे की."

"फार गोड आहे."

लावलं: मुलांचा कोरस. चाललं: अर्धं कडवं.

मुलं शिट्टीच्या पलीकडे कुठेतरी तोंडं हलवत होती.

"लहानपणी हेच लावून झोपायचीस."

"लहानपणी मी दूधही प्यायचे."

"देऊ का मग दूध?"

"बाबा!"

लावलं: काही नाही.

हे सगळ्यात वाईट. शांततेत शिट्टी ऐसपैस पाय पसरून बसली.

वडील स्वयंपाकघरात गेले तशी ती उठली आणि घरच्या जुन्या पियानोपाशी गेली. उजव्या टोकाची पट्टी दाबली. टक. शेजारची. टक. लाकडाचा आवाज येत होता, तारेचा नाही. एकेक पट्टी खाली येत गेली, सतराव्या पट्टीला कुठे सुरासारखं काहीतरी लागलं. तिने मोबाईल काढला. सूर दाखवणारा काटा त्यात होता. पण त्या टोकाच्या तारा वाजतात न वाजतात तोच विझतात. काटा थरथरला आणि कुठेच न थांबता पडला. कानाशिवाय तिथे कोणाचं काही चालत नाही, हे ती स्वतःच गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायची.

सांगून टाकावं. पण सांगायचं म्हणजे "तुमच्यासारखं झालंय" असं म्हणायचं. आणि तुमच्यासारखं म्हणजे कसं, ते तर या घरात कधी उच्चारलंच नव्हतं.

वडील दोन कप घेऊन आले. चहात चकाकी तरंगत होती.

"आता माझं लावतो," ते म्हणाले.

लावलं: व्हायोलिन.

ही त्यांची जिवापाड जपलेली रेकॉर्ड. डोळे मिटून ते ऐकू लागले. व्हायोलिन वर चढत गेलं, चढत गेलं आणि तिच्यापुरतं नाहीसं झालं. नेमकं तेव्हाच वडिलांचं बोट उचललं गेलं. रिकाम्या हवेत ते हळूच थरथरवत ते म्हणाले, "ऐकलंस? इथे कसं टेकतं बघ!"

तिथे काहीही नव्हतं. त्यांनाही काही ऐकू येत नव्हतं. सहा वर्षं ते या जागी आठवणीवर बोट हलवत होते आणि ती शेजारी बसून खरोखरचा सूर ऐकत होती.

"वा," ती म्हणाली आणि तिनेही मान डोलावली.

दोघं बराच वेळ डोलत राहिली.

रेकॉर्ड संपली. वडील कप ठेवायला आत गेले आणि तिथेच थांबले. मशीनचा लाल दिवा उघडमीट करत होता. त्यांनी झाकण उघडून कपड्यांना हात लावला.

"हे कधी झालं?"

"काय?"

"मशीन. अगं, गार पडलेत कपडे. तू हाक मारली नाहीस."

वडील ओला टॉवेल हातात घेऊन दारात आले. जुनं मशीन नीट पिळायचं नाही; टॉवेलमधून पाणी ठिबकत होतं, ते त्यांच्या लक्षात नव्हतं.

"कुठपर्यंत येतंय?"

"सोळा पट्ट्या गेल्यात."

"बोळे? त्या डबीतले?"

"होते कानात."

"मग?"

तिने उशीवरची चकाकी नखाने खरवडली. वडिलांनी टॉवेल खुर्चीवर टाकला, चष्मा नाकावर घेतला आणि तिने "अहो बाबा, थांबा" म्हणेपर्यंत सभागृहाच्या व्यवस्थापकाला फोन लावलासुद्धा. स्पीकरवर, कारण त्यांना फोन तसाच ऐकू यायचा.

"साहेब, पियानोवाला बोलतोय. आज दुसऱ्या कोणाला तरी बोलवा. माझ्या कानांनी दगा दिलाय. वरचं ऐकू येत नाही."

"अरे बापरे! कधीपासून, काका?"

आता एक छोटंसं खोटं पुरलं असतं. पण वडिलांनी आयुष्यात जे काही खोटं केलं ते गप्प बसून केलं होतं. तोंडाने बोलायचा सराव नव्हता.

"सहा वर्षं झाली."

पलीकडे खुर्ची करकरली. "सहा? मग आमचं वरचं लावत कोण होतं?"

"मुलगी."

"मग अडलंय कुठे? तिलाच पाठवा की! वाजवणाऱ्या बाई दर वेळी म्हणतात, या पियानोचं वरचं अंग म्हणजे नुसती काच. मला आपलं वाटायचं, काकांचा हात."

ती सोफ्यावर ताठ बसली. हे तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. वडिलांनी फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तिला बरं नाही."

"काल तर ठणठणीत होती. माझ्या भाचीने फोटो टाकलाय. स्पीकरला मिठी मारून नाचतेय, शेजारी ती एक ताडासारखी मुलगी."

मग व्यवस्थापकच म्हणाले, "असू दे, काका. मी करतो दुसऱ्याची सोय. पुढचं नंतर बघू."

'नंतर बघू' म्हणजे काय, ते दोघांनाही स्वच्छ ऐकू आलं.

फोन बंद झाल्यावर वडील टॉवेल पिळायला गेले आणि न पिळताच परत आले.

"तुला झाकायला गेलो गं."

"माहितीये."

"शिट्टी वाजतेय?"

"हो. जाईल ना?"

"एकदोन दिवसांत जाते."

"आणि नाही गेली तर?"

वडील रेकॉर्डचं पाकीट बाहीने पुसत राहिले. स्वच्छच होतं ते.

"काय लावू?"

"काहीही लावा."

त्यांनी चेलो लावला. सगळं खालचं, जाडं, सावकाश. त्यात वर जाण्यासारखं काही नव्हतंच. दोघांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण ऐकला, तिने शिट्टीसकट. मग पुन्हा पहिल्यापासून लावला. घड्याळात दोन वाजले, सव्वादोन वाजले, टॉवेलखाली जमिनीवर तळं साचलं, तरी कोणी उठलं नाही.

आदल्या रात्री साडेअकरा वाजता, स्पीकरच्या पुढ्यात, चिमणी तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी ओरडत होती, म्हणून तिने बोळे काढले. चिमणी विचारत होती, किती वाजले.