केसरीनाथदादांचे एकेचाळीस निरोप

टीममधला संवाद सुधारावा म्हणून मृणालीने सात नियम केले होते. ते तिला इतके आवडले, की रंगीत चौकटीत बसवून तिने ते ग्रुपवर टाकले. हेड ऑफिसच्या साहेबांनी त्यावर अंगठ्याची खूण टाकली. त्या एका अंगठ्यावर बाई आठवडाभर खूश होती.

भिवंडीजवळच्या काल्हेरचं ऑफिस बंद झाल्यापासून तिघं घरूनच काम करत. गोदामातून निघालेला ट्रक कुठे पोचला, कुठे अडकला ते बघायचं आणि माल मागवणाऱ्या पार्टीला कळवायचं. मृणाली भिवंडीतल्या धामणकर नाक्याजवळच्या फ्लॅटमधून, अनिमेष कल्याणहून आणि पंचावन्न वर्षांचे केसरीनाथदादा काल्हेरच्या आपल्या घरातून. दादांच्या भातशेतीवर आता गोदाम उभं होतं, त्याचं भाडं येत होतं, खायला कमी नव्हतं. पण ड्युटी नसली की माणूस गंजतो, असं ते म्हणत. भिवंडीतला एकही ड्रायव्हर त्यांना अनोळखी नव्हता.

अडचण त्यांच्या बोलण्याच्या रीतीची होती. आधी घरचं, मग शेजारचं, मग गाडीचं. थेट कामाचं बोलणं म्हणजे आलेल्या माणसाला पाणीही न विचारणं, असं ते मानत. टायपिंग बोटांना जमत नव्हतं, म्हणून ते मृणालीला व्हॉइस नोट पाठवत. चार मिनिटं, सहा मिनिटं. "म्याडम, जेवलाव का? आज कमळीनं वालाचं बिरडं केलंय..." पहिल्या तीन-चार तिने ऐकल्या. मग ती फक्त 'ओके दादा' लिहू लागली. खालच्या मजल्यावर कापडाचे लूम चालू असतात, काही ऐकू येत नाही, हे कारण तिने स्वतःसाठी ठेवलं होतं. इअरफोन टेबलावरच असायचे.

नियम पाचवा असा होता: रजा आदल्या दिवशी कळवावी, तीनदा न कळवता गैरहजर राहणाऱ्याचं नाव वर जाईल. त्या गुरुवारी दादा तिसऱ्यांदा गायब झाले. शुक्रवारच्या कॉलवर मृणाली अनिमेषदेखत म्हणाली, "दादा, एवढंसं सांगता येत नाही? टीम म्हणून काही असतं की नाही?"

"बराबर हाय म्याडम," दादा म्हणाले. एवढंच.

नाव वर गेलं. एक तारखेपासून त्यांना कामावरून कमी करा, असं उत्तर तासाभरात आलं. साहेबांकडून इतकं चटकन उत्तर एरवी कधी येत नसे.

दुपारी अनिमेषचा फोन आला. "मॅडम, एक बोलू? केसरीनाथकाकांच्या घरी काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं काल. काका म्हणत होते, मॅडमना सांगितलंय."

"मला? कधी?"

"ते काय मला माहीत नाही," अनिमेष म्हणाला. त्याने ते अगदी सांभाळून म्हटलं. तेच तिला लागलं.

गॅसवर डाळ ठेवून तिने दादांच्या नोटा उघडल्या. न ऐकलेल्या एकेचाळीस. बुधवारच्या नोटेत पाचव्या मिनिटाला होतं: "तं म्याडम, उद्या कमळीला दवाखान्यात नेतंय, ड्युटीला न्हाय जमणार. अनिमेषला गाड्यांची यादी दिलीय." आधीच्या दोन्ही रजाही अशाच शेवटी सापडल्या. दुसऱ्या एकीत नाक्यावर रस्ता खोदल्याचं होतं, गाड्या वळवा म्हणून. त्या दिवशीच्या उशिराबद्दल तिने अनिमेषला झापलं होतं. एका नोटेत तर तिचीच चौकशी: "आवाज बसल्यासारका वाटला कॉलवर. सुंठ घ्या." डाळ लागली, तेव्हा कुठे ती उठली.

तिने साहेबांना मेल लिहिला. 'माझ्या दुर्लक्षामुळे' लिहिलं, खोडलं. 'तांत्रिक अडचणीमुळे श्री. केसरीनाथ यांचे निरोप वेळेत मिळाले नाहीत' असं लिहिलं. नोकरी राहिली. दादांनाही त्या मेलची प्रत गेली.

रविवारी ती मोसंबी घेऊन काल्हेरला त्यांच्या घरी गेली. ओटीवर दादांच्या पत्नी कमळाबाई काळा चष्मा लावून बसल्या होत्या. दादांनी खुर्ची पुढे केली.

"याच का म्याडम?" कमळाबाईंनी तिचा हात चाचपून धरला. "या बाय. हे रोज त्या पायरीवर बसून तुमच्याशी बोलतान. मी म्हनते, एवढं ऐकून घेनारी साहेब कुनाला भेटते? मी पन न्हाय ऐकत."

दादा हसले. "म्याडमना टाइम असतो थोडा."

"आनि ते मशीन बिघडलं व्हतं म्हनं तुमचं?"

मृणालीने दादांकडे पाहिलं. ते मोसंबी मोजल्यासारखी बघत होते. नोट ऐकली की नोटेजवळचा माइक निळा होतो, हे पाठवणाऱ्यालाही दिसतं. एकेचाळीस वेळा त्यांनी तो राखाडीच पाहिला असणार, आणि तरीही तिने त्यांनाच अनिमेषदेखत सुनावलं होतं.

"मशीन चांगलं होतं काकू," ती म्हणाली. "मीच ऐकत नव्हते. दोन महिने. दादा, चुकलं माझं."

बोलल्यावर तिला क्षणभर हलकं वाटलं. क्षणभरच.

कमळाबाईंनी तिचा हात सोडला. मान नवऱ्याच्या दिशेने वळवली. "मंग तुमी बोलत कुनाशी व्हतात?"

दादांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "चाय टाकतो," म्हणून ते आत गेले.

आतून भांड्याचा आवाज आला नाही. माफी मागताना बाजूला कोण बसलंय, हे मृणालीने पाहिलंच नव्हतं. बायकोसमोर या माणसाने एक ऐकणारी साहेब उभी केली होती, मेल वाचूनही ती तशीच राहू दिली होती, आणि ती आपण आपलं मन मोकळं करायला मोडली.

"साहेबांना खरं ते लिहिते मी आजच," ती म्हणाली.

"लिवा," कमळाबाई म्हणाल्या. "आनि आता जावा बाय. उद्या ड्युटीला बसतील ते. पन तुमी हितं हाव तवर न्हाय यायचं ते भायेर."