खडवलीचे शुक्रवार

डोंबिवलीच्या एमआयडीसीत कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी असायची. बाकीच्या जगाचा जसा रविवार, तसा तिथल्या माणसांचा शुक्रवार. मंजुळा आणि शकू दोघी एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होत्या. मंजुळा डोंबिवलीच्याच कोपरगावची, शकू शेजारच्या आयरे गावची, दोघीही आगऱ्यांच्या पोरी. कंपनीत जायला बसचा भरवसा नाही, म्हणून मंजुळाने पहिल्या बोनसात लेडीज सायकल घेतली. भाऊ परशुरामने हौसेने चेनकव्हरवर पेंटरकडून तिचं नाव रंगवून आणलं. लाल सायकल, पिवळी अक्षरं. महिनाभरात शकूनेही सायकल घेतली.

शुक्रवारी हिंडायला जायची कल्पना मंजुळाची. कल्याण मागे टाकून, शहाडचा पूल ओलांडून त्या आंबिवलीपर्यंत गेल्या, तेव्हा तिथे त्यांना ती लाइन सापडली. कधीकाळी एका कारखान्यासाठी टाकलेल्या रुळांचा बांध होता तो. कारखाना बसला, रूळ कुणी उचलून नेले, आणि बांधावर लोकांच्या येण्याजाण्याने सरळसोट पायवाट पडली. ना चढ, ना उतार, ना मागून हॉर्न. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं. लाइन संपली की वाट काळू नदीच्या काठाला लागायची आणि टिटवाळा मागे टाकून पुढे खडवलीपर्यंत जाता यायचं.

मंजुळाला घाई आवडायचीच नाही. वाटेत खंड्या दिसला तरी ती थांबायची. रंगूबाई म्हणून एक म्हातारी काठावर काकड्या विकायची, तिच्याशी दोघी तासभर गप्पा मारायच्या.

"पोरींनो, देवाला निघालात का?" म्हातारी विचारायची.

"नाही गं आजी, उगाच."

"उगाच इतक्या लांब?" म्हातारी हसायची आणि काकडीला मीठ लावून द्यायची.

अशी दोन वर्षं गेली. मंजुळाला त्या दोन वर्षांत कशाचीच कमी वाटली नाही. आठवडाभर गोळ्यांची पाकिटं मोजणारे हात शुक्रवारी हँडलवर आले की तिला वाटायचं, हे माझे हात.

मग शकूला सहदेव भेटला. खडवलीला नदीतली वाळू काढायचं काम चाले, तिथला तो मुकादम. शिकलेला, नीटनेटका, पण जात वेगळी. शकूच्या घरी कळलं असतं तर तिला जिवंत सोडलं नसतं.

"मंजू, तुझ्याशिवाय मला कोण आहे गं?" शकू म्हणाली. "तू बरोबर असलीस की घरचे काही विचारत नाहीत."

मंजुळाने मान डोलावली. तेव्हापासून खडवलीला पोचलं की ती आंब्याच्या झाडाखाली बसायची आणि सहदेव तिची सायकल घेऊन शकूबरोबर नदीकाठाने निघून जायचा. तिचं काम वाट बघायचं. पाण्याकडे बघत ती बसून राहायची, ऊन पायांवर सरकत यायचं आणि ती पाय आखडून घ्यायची. दोघं परतले की सहदेव सायकल तिच्या हातात देऊन म्हणायचा, "तुमचे उपकार आहेत, ताई." सीट त्याच्या उंचीची झालेली असायची. मंजुळा ती गुपचूप खाली करून घ्यायची.

एकदा तिने शकूला बोलून दाखवलं, "आपण दोघीच नुसत्या फिरायला कधी जायचं?"

"जाऊ गं. हे एकदा मार्गी लागू दे."

ते मार्गी लागलं नाही. त्या उन्हाळ्यात मंजुळाची सुपारी फुटली. मुलगा बाळकुमचा, काळुराम, ठाण्याला एका कंपनीत फिटर. बघायला आला तेव्हा त्याने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "सायकल चालवता म्हणे तुम्ही? बाळकुमला खाडीच्या बांधावर मस्त वाट आहे." मंजुळाला तो तिथेच आवडला होता.

पुढच्याच पंधरवड्यात शकूचा काका महिपत कुणाच्या तरी बारशाला खडवलीला गेला आणि त्याने नदीकाठी शकूला एका परक्या पुरुषाबरोबर जाताना पाहिलं. संध्याकाळी आयऱ्यात बैठक बसली. शकूच्या थोबाडीत बसली तशी ती रडत म्हणाली, "माझं काही नाही, काका. तो मंजूचा माणूस आहे. मला ती बळंच घेऊन जाते. ती थकून बसली म्हणून मी त्याला पुढची वाट दाखवत होते."

महिपतला आठवलं, त्या माणसाच्या बुडाखाली लाल सायकल होती आणि तिच्यावर पिवळ्या अक्षरांत नाव होतं.

मंजुळाने जीव तोडून खरं सांगितलं. परशुरामने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुझी सायकल त्याच्याकडे कशी?" आई, मनुबाई, तोंडाला पदर लावून बसून राहिली. पोरीवर तिचा विश्वास होता, पण गावापुढे तो मांडायची तिच्यात हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मंजुळा कामाला दांडी मारून गाडीने खडवलीला गेली. सहदेव वाळूच्या ढिगाजवळ उभा होता.

"तुम्ही येऊन एकदा सांगा," ती म्हणाली. "फक्त खरं काय ते."

"ताई, शकूचं नाव मी घेणार नाही. तिचं वाटोळं होईल."

"आणि माझं?"

तेवढ्यात ट्रक आला आणि सहदेवला बरंच झालं. तो ट्रककडे गेला.

बाळकुमची मंडळी आली. काळुरामचा बाप, गोमाजी, सुपारी परत करून मोकळा झाला. उठता उठता काळुराम दारात थांबला. त्याने एकच विचारलं, "सायकल तुमचीच होती ना?"

"हो," मंजुळा म्हणाली. पुढचं बोलायला तोंड उघडेपर्यंत तो पायरी उतरून गेला होता.

शकूचं लग्न त्याच वर्षी उरकलं. नवरा कल्याणचा, घरची चाळ, दारात टेम्पो. सहदेवने ठेका बदलला, कुठे गेला कुणाला कळलं नाही. मंजुळाला पुढे दोन बिजवर सांगून आले. एकाने तर बघायला येण्याआधीच अट घातली की पोरीने घराबाहेर पडायचं नाही. तिने स्वतःच नाही म्हटलं. परशुरामने सायकल पडवीत कुलूप लावून ठेवली होती. एके शुक्रवारी मंजुळाने दगडाने कुलूप फोडलं.

"आता अजून काय व्हायचं राहिलंय, दादा?" ती म्हणाली. परशुराम बघत राहिला, पण आडवा आला नाही.

ती एकटी जाऊ लागली. लाइन तीच, खाचरं तीच, पण पहिली दोन-तीन वर्षं तिला नुसते पायच मारल्यासारखं वाटायचं. खडवलीपर्यंत ती कधीच गेली नाही. रंगूबाईपाशी बसायची आणि मागे फिरायची. म्हातारीने एकदाच विचारलं, "दुसरी कुठाय?" मंजुळा म्हणाली, "सासरी." मग लाइनच्या अलीकडच्या तोंडाला कुणीतरी प्लॉट पाडले, भिंत घातली, आणि तेही संपलं.

सत्त्याण्णव साली कंपनीतल्या एका मुलीच्या लग्नाला मंजुळा कल्याणला गेली. पंगतीत समोर शकू. अंगाने भरलेली, गळ्यात जाड मंगळसूत्र, शेजारी नवरा. मंजुळाला बघताच तिच्या हातातला घास तसाच राहिला. मग ती मोठ्याने हसली आणि नवऱ्याला म्हणाली, "ही मंजुळा. आम्ही एका कंपनीत होतो."

नवरा साधा, बोलका माणूस. "म्हणजे सायकलवाली मंजुळा?" तो म्हणाला. "काकांकडून ऐकलंय. लांब लांब जायच्या म्हणे तुम्ही. आमच्या हिला विचारलं, तू पण होतीस का, तर म्हणते मला सायकल येतच नाही."

शकूने ताटातून डोळे वर केले. ते डोळे मंजुळाच्या ओळखीचे होते. तुझ्याशिवाय मला कोण आहे, असं म्हणताना असेच असायचे.

सात वर्षं मंजुळाने या भेटीसाठी शब्द जुळवून ठेवले होते. भांडी घासताना, रात्रपाळीत, डोळा लागत नसताना. शकूचा नवरा समोर बसला होता, विचारत होता. एका वाक्याचं काम होतं. पण तिला एकदम कळलं की आता उरलंय कोण? रंगूबाई कधीच गेली होती. त्या पहिल्या दोन वर्षांतल्या शुक्रवारांना साक्षी असलेलं जगात एकच माणूस होतं, आणि ते म्हणत होतं की मला सायकल येतच नाही. नवऱ्यासमोर तिला खोटं पाडून ते शुक्रवार परत येणार नव्हते.

"खरंय," मंजुळा म्हणाली. "तिला नाही यायची. मी शिकवायला गेले होते, पण पडायची."

शकूने सुटकेचा श्वास टाकला. अगदी मोकळा, पोटातून आलेला. आणि लगेच वाढप्याला हाक मारून म्हणाली, "अहो, इकडे जिलबी वाढा, हिच्या पानात वाढा." खोटं बोलली तेव्हा, थोबाडीत खाऊन रडली तेव्हाही मंजुळाने तिला कुठेतरी समजून घेतलं होतं. ते शुक्रवार पुसले गेले म्हणून सुटलेल्या त्या श्वासाला मात्र तिच्यापाशी माफी नव्हती.

वाढपी आला. मंजुळाने पानावर हात आडवा धरला, पाण्याचा घोट घेतला आणि पंगत उठायच्या आधीच ती उठली.