दोघांचा रंधा

टक्. थोडं थांबून आणखी एकदा, टक्. मी ऐकलेला पहिला आवाज तो. माझ्या पोटातल्या फटीत पोलादी पातं बसवून एक सुतार त्यावर लाकडी पाचर ठोकत होता. ठोकून झालं की मला उलटा करून डोळ्यापाशी धरायचा, एक डोळा मिटायचा, नाराजीने मान हलवायचा आणि पुन्हा ठोकायचा. मी रंधा बोलतोय. लाकूड तासून गुळगुळीत करायचं, एवढंच मला येतं. बोलायची सवय नाही, तेव्हा सावकाश सांगतो.

मी चांगला हातभर लांब आहे. रुंद फळी एकट्याला आवरत नाही, म्हणून सुतारानं माझ्या पाठीवर मूठ ठेवली आणि नाकाशी एक आडवी खुंटी. मागच्याने मूठ धरून ढकलायचं, पुढच्याने समोर बसून खुंटी ओढायची. सुताराला दोन मुलगे होते. थोरला मूठ धरायचा, धाकटा खुंटी.

ढकलणाऱ्याचं लक्ष पात्यावर असतं. ओढणाऱ्याला मात्र बघायला ढकलणाऱ्याच्या तोंडाशिवाय दुसरं काही नसतं. त्यामुळे धाकट्याला भावाचा चेहरा पाठ झाला होता. आज पोटात काही गेलेलं नाही, आज घरात वाजलंय, सगळं त्याला तोंडावरून कळायचं. थोरला म्हणायचा, "ओढतोयस की लोंबकळतोयस?" धाकटा म्हणायचा, "तू ढकल की, नुसता टेकलायस." अशी त्यांची वर्षं गेली. बाप गेला, दोघांची लग्नं झाली, विजेवरचं मशीन आलं. मला भिंतीवरच्या फळीवर ठेवलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मशीन लाकडावर बारीक लाटा सोडतं, म्हणून शेवटचा हात माझाच राहिला.

एकदा मला चालवता चालवता धाकटा म्हणाला, "दादा, तोंडावर भुसा बसलाय तुझ्या, पूस." थोरल्याने बाहीने तोंड पुसलं. तोंडाचा पांढरा रंग तसाच राहिला. दोघंही हसले. मग थोरल्याच्या दंडावर, काही लागलेलं नसताना, निळे डाग उठायला लागले. दोन फळ्यांत त्याला धाप लागायची. मग त्याची जागा रिकामी राहिली. धाकटा मागे मुठीशी सरकला आणि खुंटीशी त्याची बायको येऊन बसली. तिचा हात चांगला होता.

दुखणं काय ते मी या नवराबायकोच्या बोलण्यातून ऐकलं. माणसाचं रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं म्हणे. थोरल्याच्या हाडांनी ते काम सोडून दिलं होतं. औषधं झाली, रक्ताच्या बाटल्या चढवून झाल्या, टिकेना. आता दुसऱ्या कुणाचा मगज त्याच्या अंगात घालायचा, एवढीच वाट होती, आणि तो जुळायला लागतो. त्यांच्या बहिणीचा जुळला नाही. ती कितीतरी दिवस रडत होती, जसं काही तिनंच मुद्दाम केलं. धाकट्याचंही रक्त तपासायला गेलं.

घरात विचारलं की धाकटा सांगायचा, रिपोर्ट अजून आला नाही. बायकोला त्यानं दुकानात सांगितलं. मी दोघांच्या मधे होतो.

"जुळलंय. डॉक्टरांनी आधी मला एकट्यालाच बोलावून सांगितलं. तू कुठे बोलू नकोस."

तिचा हात थांबला. "कुठून काढतात?"

"कमरेच्या हाडातून."

"आणि मग तुम्ही फळ्या कशाच्या जोरावर उचलणार?"

हे त्याच्याही मनात होतंच. सुताराला हाड म्हणजे आणखी एक लाकूड. त्यानं टेबलाचा एक तयार पाय घेतला, ड्रिलनं वरपासून खालपर्यंत त्याचा गाभा काढला, उभा केला आणि वर लाकडी मोगरीचा एक घाव घातला. पाय उभाच्या उभा चिरला. बायकोनं दोन्ही फाका उचलून त्याच्या हातात दिल्या. पुढचे काही दिवस तो वाकायचा तेव्हा कमरेवर हात ठेवून वाकायचा. अजून कुणी सुईसुद्धा लावली नव्हती.

मग एका सकाळी त्या फाका पिशवीत घालून तो इस्पितळात गेला. दुपारी परत येऊन मूठ धरली आणि बराच वेळ नुसता मला चालवत राहिला. बायकोच म्हणाली, "डॉक्टरबाई हसल्या असतील."

"नाही हसल्या. हातात घेऊन बघितलं. म्हणाल्या, हे कापलेलं लाकूड आहे. हाड म्हणजे उभं झाड. छाटलं तरी पुन्हा फुटतं." मग त्यानं सगळं सांगितलं. भूल देतात, मागून सुईनं थोडा मगज ओढून घेतात, हाड कापत नाहीत. काही दिवस ठणकतं, काही आठवड्यांत आतलं भरून येतं. भुलीचा थोडा धोका असतो, तेही बाईंनी लपवलं नाही. "आपलं आयुष्य कापलेल्या लाकडात गेलं," तो म्हणाला, "उभ्या झाडाचं आपल्याला काय ठाऊक."

"म्हणजे देणार तुम्ही."

"म्हणाल्या, नाही म्हणायचं तर आत्ताच म्हणा. आम्ही घरी एवढंच सांगू की तुमचा घेता येत नाही. कारण सांगणार नाही. पण एकदा दादाची तयारी सुरू झाली, त्याचा उरलासुरला मगज औषधानं मारला, की मग मागे फिरायचं नाही. फिरलो तर तो गेला."

ती खुंटीकडे बघत राहिली. "मग नाही म्हणा ना. कुणाला कळणार आहे?"

"तुला कळलंय की."

"मला दोन लेकरं आहेत."

"माहीत आहे. माझीच आहेत."

यावर ती हसली नाही. खुंटी मात्र इतक्या जोरात ओढली की पातं लाकडात रुतलं.

त्यानंतर आठवडाभर तो कुणाला काही बोलला नाही. मशीन लावायचा, बंद करायचा. एकच फळी दोनदा मोजायचा.

मग एका दुपारी थोरलाच दुकानात आला. कपडे अंगावर लटकत होते. डॉक्टरांनी भुशात जायचं नाही म्हणून बजावलं होतं, म्हणून तोंडाला फडकं बांधलेलं. बाकावर फळी होती, मी तिच्यावर होतो. धाकट्याची बायको झाडत होती. थोरला खुंटीशी बसला, धाकट्याच्या जुन्या जागेवर, आणि म्हणाला, "चल, एक हात मारू." दोन हात झाले. तिसऱ्याला त्याचा श्वास पुरेना.

"ऐक," तो म्हणाला, "रिपोर्ट येईल तेव्हा येईल. नसेल जुळत तर नसू दे. बहिणीसारखा रडत बसू नकोस. तुझा त्यात काय दोष?"

माझ्या मुठीवरचा हात घामानं ओला झालेला मला कळला.

"जुळलंय, दादा," धाकटा म्हणाला. "मागेच कळलं. भीती वाटली म्हणून बोललो नाही. अजून वाटतेय. पण देतोय."

थोरल्यानं खुंटीवरचा हात काढला. "मी मागितलेलं नाही."

"नाही मागितलंस."

"हिला विचारलंस?"

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं भुसा एका कोपऱ्यात नीट गोळा केला, केरसुणी टेकवून ठेवली. मग थोरल्याला म्हणाली, "स्टुलांच्या गिऱ्हाईकाला महिनाभर थांबायला सांगा, दादा. तुमचं ऐकेल तो. महिनाभर यांना मी काही उचलू द्यायची नाही."

पुढचं मी पाहिलेलं नाही. दुकान बंद होतं आणि मी फळीवर. धाकटा परत आला तेव्हा उशी घेऊन बसायचा आणि उठताना कण्हायचा. मग उशी गेली, मग कण्हणंही. थोरला कित्येक आठवडे इस्पितळातल्या एका खोलीत एकटा होता, बाहेरचा काही आजार लागू नये म्हणून. आता घरी आहे. नव्या मगजानं काम धरलंय म्हणतात, पण दुकानाची पायरी चढायला त्याला अजून बंदी आहे.

मीही आता म्हातारा झालोय. बूड झिजलंय, पातं बोटभर उरलंय. माझं एकच मागणं आहे. तुमच्यापैकी कुणाला असं काही कधी विचारलं गेलं, तर त्याला घाई करू नका, लाजवूही नका. भीती वाटली तर ती मनात दाबू नका. जाणत्यापुढे नेऊन ठेवा आणि खरं काय ते विचारा. मग जे ठरवाल ते तुमचं.

काल दुपारी धाकटा मला चालवत होता, त्याची बायको खुंटीशी होती. रस्त्यापलीकडे थोरला येऊन उभा राहिला. तोंडावर फडकं, अंगावर थोडं मांस आलेलं. धाकट्यानं हात वर केला, "ये" म्हणता म्हणता थांबला आणि म्हणाला, "तिथेच थांब दादा, धूळ आहे." थोरल्यानं मान हलवली. तो तिथेच उभा राहून बघत राहिला. काम संपलं. धाकट्यानं मला बाजूला ठेवलं, खाली वाकून नवी जाड फळी उचलली, खांद्यावर घेतली आणि सरळ उभा राहिला. कमरेवर हात न ठेवता.

थोरल्यानं तेवढं पाहिलं. मग वळला आणि निघून गेला.