हॉलंडवाल्याची कोठडी

आमच्या तुरुंगात कैदी कुशीवर झोपतात, कारण पाठीवर झोपायला जागाच नाही. कूस बदलायची तर अख्ख्या रांगेने मिळून बदलावी लागते. अशा तुरुंगाचा मी जेलर, आणि मला वरून हुकूम आला की एका हॉलंडवाल्यासाठी स्वतंत्र कोठडी बांधा.

हा योस्ट नावाचा गोरा आमच्या लंकेच्या किनाऱ्यावर हॉटेल चालवायचा. भागीदाराच्या डोक्यात वल्हं घालून त्याला मारलं आणि विमानात बसून घर गाठलं, असा त्याच्यावर आरोप. आमच्या सरकारने त्याला परत मागितला. तिथलं कोर्ट म्हणालं, देऊ की, पण ठेवणार कसे ते आधी सांगा. मग सरकारने वचन दिलं: त्या कोठडीतल्या माणसाला खिडकी मिळेल, बसायचा संडास मिळेल, सकाळी पाव-लोणी मिळेल, वकील मिळेल, दुभाषी मिळेल आणि खटला लगेच उभा राहील. हे मी कैद्यांना वाचून दाखवलं तर ते पोट धरून हसले. त्यांच्यातल्या निम्म्यांनी वकिलाचं तोंडसुद्धा पाहिलेलं नव्हतं.

कोठडी तयार झाली. कोलंबोहून मंत्रालयाचे सचिव ज्योतिष्याकडून मुहूर्त काढूनच आले. आमच्याकडे मुहूर्ताशिवाय कुणी डोक्याला तेल लावत नाही. नव्या घरात करतात तसं कोठडीत मडक्यात दूध तापवलं, उतू जाऊ दिलं, सचिवांनी हात जोडले. दूध तापवायला माझी बायको आली होती. ती म्हणाली, "ते सगळं झालं, पण आज रात्री इथे झोपणार कोण?"

दूध उतू गेलेलं घर पहिल्या रात्री रिकामं ठेवू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. सचिवांना तेवढं सुचलं नव्हतं. त्यांचा चेहराच उतरला.

"जेलर, तुम्ही झोपा."

"सर, मी घरी झोपतो. कोठडी कैद्याची आहे."

"मग घाला एखादा कैदी. गरीब गाय बघून घाला."

मी तिलकसिरीला घातला. फणसाच्या झाडाच्या भांडणातून शेजारच्या गुणपालला कोयत्याने ठार मारल्याचा आरोप त्याच्यावर होता. सहा वर्षं तो खटल्याची वाट बघत होता. साक्षीदार आले की न्यायाधीश बदललेले, न्यायाधीश आले की वकील नाही. तो आत आला तेव्हा त्याची मुलगी रांगत होती. आता ती भेटीला यायची आणि जाळीपलीकडून त्याला मामा म्हणायची. तो गेल्यावर आईला विचारायची, हा मामा आपल्या घरी का येत नाही?

दुसऱ्या दिवशी त्याला बाहेर काढू का, म्हणून मी सचिवांना फोन लावला.

"वेडे आहात का? हॉलंडचे पाहुणे तपासणीला कधीही टपकतील. कोठडी चालू दिसली पाहिजे. वचनात जे जे आहे ते सगळं चालू ठेवा."

"सगळं, सर?"

"सगळं म्हणजे सगळं."

मग मीही हट्टाला पेटलो. पाव-लोणी चालू झालं. वकील आला. खटल्याची तारीख लागली. आणि दुभाषी म्हणून मिस डोरीन कॅलार्ट आल्या. घराणं डच, आडनाव डच, भिंतीवरचे खापरपणजोबा डच. सरकारने आणखी काय बघायचं? बाईंना डचचा एक शब्द येत नव्हता. गावातल्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवून त्या निवृत्त झालेल्या.

"मिस, हा तर आपलाच माणूस. आपलंच बोलतो," मी म्हणालो. "तुम्ही करणार काय?"

"नेमणूक झालीय ना, बाळ? तो बोलेल ते मी परत बोलेन."

आणि खरंच तसंच झालं. तिलकसिरी बोलायचा ते त्याच्या शर्टाच्या बटणांनाच ऐकू यायचं. मग मिस डोरीन उठायच्या आणि मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात त्याचं वाक्य त्याच्याच भाषेत म्हणायच्या. न्यायाधीश मुकाट्याने लिहून घ्यायचे. सरकारी वकिलाने एकदा हरकत घ्यायला अंग उचललं, पण शाळेत त्याने बाईंच्या छड्या खाल्ल्या होत्या. तो पुन्हा बसला.

तिलकसिरीच्या जबाबाच्या दिवशी सकाळीच सचिवांचा फोन आला. तिकडच्या कोर्टाने योस्टला द्यायला नकार दिला होता. कारण काय, तर आमच्याकडे आरोपींना वर्षानुवर्षं खटल्याविना कोंडून ठेवतात.

"तेव्हा त्या कैद्याला परत जुन्या जागी टाका. वकील बंद, दुभाषी बंद."

"सर, आज त्याचा जबाब आहे."

"सहा वर्षं थांबला ना? थांबेल आणखी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पेन्शनीला आलेल्या माणसाची आग मस्तकातच राहते. मी निमूट कोर्टात गेलो आणि निरोप न्यायाधीशांच्या कानावर घातला. तिलकसिरीच्या वकिलाने लगेच बॅग आवरली.

न्यायाधीश म्हणाले, "मिस कॅलार्ट, आता तुमची गरज नाही. आरोपीला तेवढं सांगा की खाली बस, पुढची तारीख कळवू."

मिस डोरीन तिलकसिरीकडे वळल्या. "न्यायाधीश म्हणतात, नीट उभा राहा आणि सांग, त्या संध्याकाळी तू कुठे होतास?"

न्यायाधीश काय म्हणाले ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. बाई काय म्हणाल्या तेही ऐकलं. न्यायाधीशांनी तोंड उघडलं. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. न्यायाधीशही त्याच शाळेतले. त्यांनी तोंड मिटलं आणि पेन उचललं.

"पोलीस ठाण्यात," तिलकसिरी पुटपुटला. "गुणपालने माझ्या फणसाला साखळी घालून कुलूप लावलं होतं. त्याची तक्रार द्यायला गेलो. अंधार पडेपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. त्याला कुणी मारल्याची बातमी तिथेच आली. भांडण माझं, म्हणून मला बाकावरूनच उचलून आत टाकलं."

मिस डोरीननी ते फणसापासून बाकापर्यंत सगळं खणखणीत म्हटलं. ठाण्याचा हवालदार साक्षीसाठी आलाच होता.

"हे खरं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"खरं आहे, सर. चहा मीच दिला होता त्याला."

"मग सहा वर्षं बोलला का नाहीस?"

"मला फक्त भांडण कशावरून झालं ते विचारलं होतं, सर. मी फणस म्हणून सांगितलं."

सरकारी वकिलाने फाईल मिटली. मग न्यायाधीश बराच वेळ बोलले. कलमं आली, संशयाचा फायदा आला, पोलिसांवर ताशेरे आले. तिलकसिरीला त्यातलं काही कळेना. तो मिस डोरीनकडे बघत उभा राहिला. त्या बोलल्याशिवाय त्याला आता कशाचीच खात्री वाटत नव्हती.

मिस डोरीन उठल्या. या वेळी त्यांचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचला नाही.

"न्यायाधीश म्हणतात, घरी जा."